ऑक्सिजनचा तो एक अणू कोण आणून देणार?

गेल्या महिन्यात भाचीला आणंदहून बडोद्याला घेऊन येत होतो. दुमाड चौकडीला नेहमीसारखी वाहनं तुंबलेली, आणि आमच्या गाडीपुढे एक टँकर उभा. त्याच्या पाठीवर ज्वाळेचं आणि कवटीचं चित्र असलेले फलक आणि ठळक आकडे: १०४०. भाची बारावी सायन्सला आहे. तिने लगेच विचारलं, "मामा, हा १०४० कसला नंबर?"

"एथिलीन ऑक्साईड. जगभर या मालाच्या टँकरवर हाच नंबर असतो. अपघात झाला तर बंबवाल्यांना भाषा येवो न येवो, आत काय आहे ते कळतं."

"आणि ते लागतं कशाला?"

"तुझ्या ओढणीला."

तिला ते खरं वाटेना. ओढणी पॉलिएस्टरची होती. एक किलो पॉलिएस्टर बनवायला सुमारे ३४० ग्रॅम ग्लायकॉल लागतो, आणि तो ग्लायकॉल या टँकरमधल्या मालात पाणी घालून बनतो. पाण्याची बाटली, शाम्पूचा फेस, दवाखान्यातल्या बंद पाकिटातली निर्जंतुक सिरिंज, सगळीकडे या वायूचा हात आहे. त्याचाच थोरला भाऊ प्रॉपिलीन ऑक्साईड. गादीचा फोम आणि फ्रिजच्या भिंतीतला फोम त्याच्यापासून निघतो. या घराण्याला अल्किलीन ऑक्साईड म्हणतात. बाकीची भावंडं आहेत, पण कारखान्यांच्या जगात खरा कारभार या दोघांचाच.

माझ्या नोकरीची एकतीस वर्षं गुजरातेत एथिलीन ऑक्साईडच्या प्लांटवर गेली. त्यामुळे दांडिया बाजारात घरी पोचलो तरी आमचं बोलणं संपेना. आणि मग भाचीने असा एक प्रश्न विचारला, की हा सगळा लेख त्याच्याच उत्तरासाठी लिहितो आहे. ती म्हणाली, "एथिलीनला ऑक्सिजनचा एक अणू चिकटवायचा. हवेत ऑक्सिजन फुकट आहे. मग यात अवघड ते काय?"

पतंगाची कमान

आधी हा रेणू डोळ्यांपुढे आणू. एथिलीनमध्ये कार्बनचे दोन अणू दुहेरी बंधाने धरलेले असतात. त्या दोघांच्या डोक्यावर ऑक्सिजनचा एक अणू बसवला आणि तो दोघांनाही धरून राहिला, की तीन अणूंचं एक चिमुकलं त्रिकोणी कडं तयार होतं. तेच एथिलीन ऑक्साईड. प्रॉपिलीनला कार्बनची एक शेपटी जास्त, बाकी कडं तसंच.

गंमत त्या त्रिकोणात आहे. अशा कार्बनला आपल्या बंधांमध्ये सुमारे १०९ अंशांचा कोन आवडतो. त्रिकोणात त्याला ६० अंशांत दाबून बसवलेलं असतं. उत्तरायणाच्या आदल्या रात्री पतंग हातात घेऊन पाहा. बडोद्यात आम्ही उभ्या काडीला ढड्ढा म्हणतो आणि वाकवलेल्या काडीला कमान. कमान ताणून दोऱ्याने बांधलेली असते. दोरा तुटला की काडी फाटकन सरळ होते. एथिलीन ऑक्साईडचं कडं हे असं बांधून ठेवलेल्या कमानीसारखं आहे. पाणी येऊ दे, अल्कोहोल येऊ दे, अमोनिया येऊ दे, कडं उघडतं आणि समोरच्याला चिकटतं. म्हणून तर याच्यापासून इतक्या वस्तू बनतात. आणि म्हणूनच ते बनवणं आणि सांभाळणं इतकं जिकिरीचं.

आता भाचीच्या प्रश्नाकडे. एथिलीन आणि ऑक्सिजन एकत्र केले तर काय होतं? जळतं. ऑक्सिजनचा एक अणू घेऊन थांब असं त्याला सांगता येत नाही. कार्बन डायऑक्साईड आणि पाणी होईपर्यंत ते थांबत नाही. एक अणू नेमका, हलक्या हाताने, त्या दोन कार्बनच्या मध्ये बसवून बाजूला होणारा कोणीतरी हवा. गेल्या शंभरहून अधिक वर्षांतल्या सगळ्या औद्योगिक पद्धती मला याच एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं वाटतात: तो अणू कोण आणून देणार, आणि देऊन झाल्यावर आणणाऱ्याचं करायचं काय?

पहिला मध्यस्थ: क्लोरीन

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-आडोल्फ वुर्त्झ यांनी १८५९ मध्ये एथिलीन ऑक्साईड पहिल्यांदा बनवलं. त्यांची युक्ती पुढे कारखान्यांत गेली आणि क्लोरोहायड्रिन पद्धत या नावाने रुळली. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत बीएएसएफ या कंपनीने ती मोठ्या प्रमाणावर चालवली.

ती दोन पायऱ्यांत चालते. क्लोरीन पाण्यात सोडला की त्यातून हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. ते एथिलीनच्या एका कार्बनला क्लोरीन लावतं आणि दुसऱ्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. हे झालं क्लोरोहायड्रिन. मग त्यात चुन्याची निवळी घालायची. चुना इकडचा क्लोरीन आणि तिकडचा हायड्रोजन काढून घेतो, आणि मोकळा झालेला ऑक्सिजन शेजारच्या कार्बनलाही हात घालतो. कडं पूर्ण.

नीट पाहिलं तर ऑक्सिजन इथे पाण्याचाच आहे. क्लोरीन नुसता सोयरीक जमवणारा मध्यस्थ. शेवटच्या मालात त्याचा एक अणूही राहत नाही. पण त्याची दलाली फार महाग पडते. कागदावरचा हिशेब भाचीने तिथेच करून पाहिला: एक टन एथिलीन ऑक्साईडला किमान १.६ टन क्लोरीन लागतो आणि अडीच टन कॅल्शियम क्लोराईड पदरात पडतं. हवा होता तो माल एक टन, नको असलेलं मीठ अडीच टन, तेही भरपूर पाण्यात विरघळलेलं.

हा क्लोरीन येतो कुठून? मिठाच्या पाण्यातून वीज सोडून. आमच्या रणोलीच्या बाजूला हे काम चालतं. भरपूर वीज खर्चून मिठातून क्लोरीन सोडवायचा आणि शेवटी पुन्हा खाऱ्या पाण्याच्या रूपाने गटारात सोडायचा. इतक्या लांबच्या फेरीसाठी ऑक्सिजनचा एक अणू मिळतो. मला या पद्धतीबद्दल राग नाही. त्या काळी तिने एक दार उघडलं. पण हिशेब हा असा आहे.

चांदीचं नशीब

१९३१ मध्ये फ्रान्समध्येच तेओदोर लफोर यांना आढळलं की चांदीच्या पृष्ठभागावर एथिलीन आणि ऑक्सिजन भेटले तर सगळं जळून जात नाही. बराचसा भाग कड्यापाशी थांबतो. १९३७ मध्ये युनियन कार्बाइडने या पद्धतीचा पहिला कारखाना काढला. तिथे हवा वापरत. १९५८ पासून शेलच्या पद्धतीत हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन आला, आणि आज मोठे कारखाने बहुतेक त्याच वाटेचे आहेत.

चांदीच का? लोखंड ऑक्सिजनला घट्ट धरून बसतं, गंजतं, सोडत नाही. सोनं त्याला जवळही करत नाही. चांदी मधली. ती ऑक्सिजनला धरते, पण इतपतच की एथिलीन जवळ आलं तर सोडून द्यावं. देवघरातलं चांदीचं निरांजन गंधकाने काळं पडतं, पण हवेतल्या ऑक्सिजनने लोखंडासारखं गंजत नाही. हा सैलपणा इथे उपयोगी पडतो.

तरी एक पेच होताच. ऑक्सिजन रेणू म्हणून येतो तेव्हा दोन अणू जोडीने येतात. एक एथिलीनला दिला, तर दुसऱ्याचं काय? बराच काळ मानत होते की तो उरलेला अणू कड्यासाठी निरुपयोगी, तो फक्त जाळायच्या कामाचा. सहा एथिलीनना सहा ऑक्सिजन रेणूंनी एकेक अणू दिला की मागे सहा अणू उरतात, आणि ते मिळून एक एथिलीन पूर्ण जाळतात. म्हणजे सातातलं एक कायम वाया. उत्पादन कितीही सुधारलं तरी ८५.७ टक्क्यांच्या वर जाणार नाही, असं या हिशेबाने निघत होतं. आमच्या वरिष्ठांच्या तोंडी "सहा सप्तमांश" हा शब्द पाढ्यासारखा असे.

मग चांदीत सीझियम आणि रेनियम या धातूंची चिमूटभर भर घातलेले उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्ची न पडता क्रिया घडवून आणणारे पदार्थ, आले, आणि उत्प्रेरक नवा असताना ९० टक्क्यांच्या आसपासचे आकडे दिसू लागले. तो नियम निसर्गाचा नव्हताच, आपल्या समजुतीचा होता. मी नोकरीत असताना हा बदल पाहिला. कंट्रोल रूममध्ये सिलेक्टिव्हिटीचा आकडा पहिल्यांदा त्या रेषेच्या वर गेला तेव्हा आम्ही ॲनालायझर बिघडला असं समजून इन्स्ट्रुमेंटवाल्याला हाक मारली होती. त्याने कॅलिब्रेशन करून दाखवलं. आकडा खरा होता.

सिलेक्टिव्हिटी म्हणजे खर्च झालेल्या एथिलीनपैकी किती ऑक्साईडच्या कामी आलं. हा आकडा का इतका जपायचा? पैसा हे एक कारण. दुसरं कारण उष्णतेचं. एथिलीनचा एक रेणू कडं होऊन थांबला तर जितकी उष्णता निघते, त्याच्या बारापटीहून जास्त तो पूर्ण जळला तर निघते. म्हणजे जळण्याचं प्रमाण जरासं वाढलं की तापमान चढतं, तापमान चढलं की जळणं आणखी वाढतं. उतू जाणाऱ्या दुधासारखं. पाहता पाहता हाताबाहेर.

म्हणून ही क्रिया जिथे घडते तो रिॲक्टर म्हणजे एक मोठी कढई नसते. त्यात हजारो बारीक उभ्या नळ्या असतात, माणसाच्या मनगटाहून अरुंद आणि दुमजली घराहून उंच. नळ्यांत उत्प्रेरक, नळ्यांबाहेर दाबाखाली उकळणारं पाणी. उष्णता पाण्यात जाते, वाफ होते, ती वाफ प्लांटलाच चालवायला लागते. तापमान साधारण २२० ते २८० अंशांत ठेवायचं, आणि रिॲक्टरमधून जाणाऱ्या वायूत ऑक्सिजन इतका कमी ठेवायचा की पेट घेण्याच्या मर्यादेला शिवू नये. त्यामुळे एका फेरीत जेमतेम दहा टक्के एथिलीन खर्ची पडतं. बाकीचं पुन्हा फिरवायचं. फिरणाऱ्या वायूत मुद्दाम मिथेन मिसळतात, उष्णता वाटून घ्यायला. तयार झालेलं ऑक्साईड पाण्याने धुऊन काढायचं, आणि साठत जाणारा कार्बन डायऑक्साईड पोटॅशियम कार्बोनेटच्या गरम द्रावणात शोषून घ्यायचा. चोवीस तास हे चक्र फिरत असतं.

आणि त्या वायूत, दशलक्ष भागांत अगदी थोडे भाग, क्लोरीनचं एक संयुगही घालतात. दारातून घालवलेला क्लोरीन खिडकीतून आत आला, पण आता मिठाच्या कणाएवढा. तो चांदीच्या पृष्ठभागावर बसून जळण्याला आवर घालतो. कमी पडला तर जळण वाढतं, जास्त झाला तर चांदीच थंडावते. शिफ्टमध्ये या एका वाहत्या थेंबावर जितकं लक्ष असे तितकं पगारावर नसे.

उत्प्रेरक दिसायला अगदी साधा. पांढरट-करड्या चिनीमातीच्या बांगडीचे तुकडे वाटावेत अशा बारीक रिंगा, त्यांच्या पोटात चांदी. काही वर्षांनी तो थकतो आणि बदलावा लागतो. तेव्हाचे ते दिवस मला अजून आठवतात. एकेक नळी रिकामी करायची, साफ करायची, मापून भरायची, काठी घालून उंची बघायची, मग प्रत्येक नळीतून हवा सोडून दाब मोजायचा. हजारो नळ्या, आणि एकही ओळखीची म्हणून सोडायची नाही. एका नळीत रिंगा सैल बसल्या तर तिच्यातून वायू जास्त धावणार आणि बाकीच्यांचा तोल बिघडणार. काढलेला उत्प्रेरक मात्र वजन करून, सील करून, पहाऱ्यात जाई, कारण त्यातली चांदी परत काढायची असते. जमिनीवर सांडलेली धूळसुद्धा झाडून पिंपात भरत. आमच्यातले एक जुने फोरमन त्या कामाला "झारेकऱ्याचं काम" म्हणत. सोनाराच्या दुकानातला केर धुऊन सोनं काढणारे ते झारेकरी. शब्द आता फारसा ऐकू येत नाही.

ऑक्साईड तयार झालं की त्यातलं बरंचसं तिथल्या तिथे ग्लायकॉल होतं. एका रेणूला वीसेक रेणू पाणी घालून तापवायचं. इतकं पाणी का? कारण कडं समोर येईल त्याला चिकटतं. पाणी कमी असेल तर ते नुकत्याच झालेल्या ग्लायकॉललाच चिकटायला जातं, आणि डायएथिलीन ग्लायकॉल होतं. इतकं पाणी घालूनही नऊ-दहा टक्के माल तसा होतोच. त्याचे उद्योगात रास्त उपयोग आहेत. पण औषधात ते विष आहे. १९८६ मध्ये मुंबईत औषधी ग्लिसरीनमध्ये ते मिसळलेलं होतं आणि १४ रुग्ण दगावले. पिंपावर काय लिहिलंय आणि पिंपात काय आहे, हे तपासणाऱ्या माणसाच्या कामाचं मोल मला तेव्हापासून फार वाटतं.

सांभाळणं

एथिलीन ऑक्साईड साडेदहा-अकरा अंशांना उकळतं. म्हणजे बडोद्याच्या थंडीतसुद्धा ते बहुतेक वेळ वायूच. हवेत त्याचं प्रमाण ३ टक्के असो नाहीतर १०० टक्के, ठिणगी मिळाली की पेटतं. १०० टक्के म्हणजे हवा अजिबात नसताना. पेट्रोलला जळायला हवा लागते, याला लागत नाही. ऑक्सिजन याच्या पोटात आहे आणि कमान ताणलेली आहे. म्हणून टाकीत वरच्या मोकळ्या जागेत नायट्रोजन भरून ठेवतात, माल थंड ठेवतात आणि गंज आत येऊ देत नाहीत, कारण गंजाच्या कणांवरही ते आपापसांत जुळायला लागतं.

वास किंचित गोडसर. पण नाकावर विसंबून चालत नाही. कामाच्या जागी मर्यादा दशलक्षात एका भागाची असते, आणि वास जाणवतो तो दशलक्षात काहीशे भाग झाल्यावर. ते कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये पहिल्या गटात टाकून सांगितलं. म्हणून नाकाऐवजी यंत्र.

एकदा रात्रपाळीत राऊंडवर असताना एका पाइपच्या इन्सुलेशनवरचा पत्रा खालच्या बाजूला ओलसर, डागाळलेला दिसला. पावसाळा नव्हता. मी हात लावला नाही, कंट्रोल रूमला कळवलं. लाइन बंद करून, नायट्रोजनने मोकळी करून पत्रा उघडला, तर आतली लोकर चिकट झालेली. वरच्या फ्लँजमधून, म्हणजे पाइपच्या जोडातून, ऑक्साईड केसाइतकं झिरपत होतं आणि लोकरीतल्या ओलाव्याशी जुळून ग्लायकॉलसारखा चिकट पदार्थ होत होता. असा पदार्थ लोकरीत पसरला की तो फार कमी तापमानाला आपोआप पेट घेऊ शकतो. आग बाहेरून सुरू होते आणि आतला पाइप तापवते. त्या रात्री काही झालं नाही. पण त्यानंतर माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला मी आधी पत्र्याखाली वाकून बघायला शिकवलं, मीटर नंतर.

थोरल्या भावाचं चांदीशी जमत नाही

"मग प्रॉपिलीनलाही चांदीच वापरा," भाची म्हणाली. सगळ्यांनी आधी तोच प्रयत्न केला. जमलं नाही. प्रॉपिलीनची ती जास्तीची कार्बनची शेपटी घात करते. तिच्यावरचे हायड्रोजन इतके सैल बसलेले असतात की चांदीवरचा ऑक्सिजन कडं करण्याआधी त्यांनाच उचलतो, आणि एकदा तिथून सुरुवात झाली की सगळं जळेपर्यंत थांबत नाही.

त्यामुळे एथिलीनच्या बाबतीत चांदी जिंकल्यावर ओस पडलेले क्लोरोहायड्रिनचे बरेच कारखाने प्रॉपिलीनकडे वळले, आणि क्लोरीनचा मध्यस्थ इथे अजून टिकून आहे. आपल्याकडे प्रॉपिलीन ऑक्साईड अनेक दशकं चेन्नईजवळच्या मनालीला याच वाटेने बनत आलं आहे. इथे एक टन मालामागे साधारण ४० टन खारं सांडपाणी निघतं. बडोद्याच्या माणसाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. इथल्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या बंदिस्त कालव्याने सारोदजवळ महीच्या मुखाशी खाडीत नेऊन सोडतात. एवढा लांब कालवा बांधावा लागला, कारण जवळ कुठे सोडण्याजोगी जागा नव्हती. आणि पाण्यात विरघळलेलं मीठ जिवाणूंच्या टाकीत नाहीसं होत नाही. सेंद्रिय घाण जिवाणू खातात, मीठ तसंच पुढे जातं.

दुसरी वाट १९६० च्या दशकाच्या शेवटाला अमेरिकेत हॅल्कन आणि आर्को या कंपन्यांनी काढली. हवेतला ऑक्सिजन आधी एका तेलकट रसायनाला द्यायचा, म्हणजे त्याचं पेरॉक्साईड होतं. पेरॉक्साईडच्या हातात एक अणू सैल असतो. तो प्रॉपिलीनला द्यायचा. शेपटीला हात न लावता हे काम होतं, इथे ही वाट चांदीला मागे टाकते. मग अणू देऊन मोकळा झालेला तो वाहक उरतो. एथिलबेंझीन वापरलं असेल तर त्याचं पुढे स्टायरीन होतं, ज्याचं थर्माकोल बनतं. म्हणजे कचरा नाही, विकण्याजोगा माल. पण किती? एक टन प्रॉपिलीन ऑक्साईडमागे दोन टनांहून जास्त स्टायरीन. साखर कारखान्यात मळी निघते ती साखरेपेक्षा कमी. इथे मळीच साखरेच्या दुप्पट. स्टायरीनचा भाव पडला की फोमसाठी लागणाऱ्या ऑक्साईडचा कारखाना अडचणीत. दुसऱ्या एका प्रकारात आयसोब्युटेन वापरतात. त्याच्या वाहकापासून पेट्रोलमध्ये घालायचं एमटीबीई होतं. अमेरिकेत ते भूजलात उतरतं असं दिसल्यावर कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी त्यावर बंदी घातली आणि तिथला तो बाजार बसला. आपला माल कोणी घ्यावा हे तिसऱ्याच मालाच्या गिऱ्हाइकावर ठरायचं, हे जोखमीचं असतं.

जपानमध्ये सुमितोमोने २००३ मध्ये चिबा इथे सुरू केलेली वाट मला मनापासून आवडते. तिथे वाहक क्युमीन नावाचं तेलकट रसायन. अणू देऊन झाला की त्याला हायड्रोजन देऊन पुन्हा क्युमीन करतात आणि परत कामाला लावतात. डबेवाल्याने जेवण पोचवावं आणि रिकामा डबा घरी आणावा, तसं. दुसऱ्या मालाचं ओझंच नाही.

पाणी मागे ठेवून जाणारा

वाहक म्हणून सगळ्यात साधा कोण, असं विचारलं तर हायड्रोजन पेरॉक्साईड. जखम धुवायला लावतात तेच, दोन हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन. एक ऑक्सिजन दिला की मागे पाणी. कल्पना जुनी होती, पण पेरॉक्साईड आणि प्रॉपिलीन नुसते एकत्र करून काही घडत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीत एनी उद्योगसमूहाच्या संशोधकांनी टीएस-१ नावाचा पदार्थ बनवला. वाळूतल्या सिलिकासारखीच जडणघडण, पण आत रेणूच्या मापाच्या गल्ल्या, आणि क्वचित एखाद्या ठिकाणी सिलिकॉनच्या जागी टायटॅनियम. पेरॉक्साईड त्या टायटॅनियमला येऊन चिकटतं, गल्लीतून प्रॉपिलीन येतं, आणि अणूची देवाणघेवाण होते. गल्ली अरुंद आणि पाण्याला नावडती, त्यामुळे पाणी आत गर्दी करत नाही. शेकडो अंशांची गरज नाही. अंगाला सोसवणार नाही एवढ्या कढत पाण्याचं तापमान पुरतं.

प्रयोगशाळेतून कारखान्यात यायला जवळपास पाव शतक लागलं. २००८ मध्ये दक्षिण कोरियात उल्सानला पहिला मोठा प्लांट सुरू झाला, आणि त्याच सुमारास बेल्जियममध्ये अँटवर्पला बीएएसएफ आणि डाऊ यांचा. त्या दोन कंपन्यांचं म्हणणं, जुन्या वाटांच्या तुलनेत सांडपाणी ७० ते ८० टक्के कमी आणि ऊर्जा ३५ टक्के कमी. २०१० मध्ये त्यांना अमेरिकेत हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

भाचीने इथेही मला सोडलं नाही. "पण पेरॉक्साईड कुठून आणतात?" बरोबर विचारलं. ते हायड्रोजन आणि हवेपासून बनवतात, आणि हायड्रोजन आजही बहुतेक नैसर्गिक वायूतून येतो. एक टन ऑक्साईडला हिशेबाने किमान ०.६ टन पेरॉक्साईड लागतं, म्हणून त्याचा कारखाना शेजारीच उभारावा लागतो. ओझं संपलं नाही, पण चाळीस टन खाऱ्या पाण्याशेजारी ठेवून पाहिलं तर केवढं हलकं झालं.

हवेतल्याच ऑक्सिजनने, शेजारचा कारखाना न बांधता, हे जमेल का? १९९० च्या दशकात जपानमध्ये मासातके हारुता यांच्या गटाने टायटॅनियम ऑक्साईडवर सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसवून, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र सोडून, प्रॉपिलीनचं ऑक्साईड करून दाखवलं. जे सोनं ढेकळाएवढं असताना ऑक्सिजनला ओळख दाखवत नाही, ते काही नॅनोमीटरचं झालं की कामाला लागतं. कडं करण्याची निवड उत्तम, पण प्रमाण फार कमी, आणि हायड्रोजन बराचसा नुसताच पाणी होऊन जातो. त्यावर अजून काम चालू आहे. भाचीला मी म्हटलं, सयाजीरावांनी १८९० मध्ये आपल्या गावात कलाभवन काढलं तेव्हा तिथे रंगांचं रसायनशास्त्र शिकवलं जाई. आज तिथेच विद्यापीठाचं इंजिनीअरिंग कॉलेज आहे. तुला केमिकल घ्यायचं असेल तर विषय पडून आहे.

परवा तिचा फोटोसहित मेसेज आला. बाजव्याकडच्या रस्त्यावर उभा टँकर, फलकावर १२८०. खाली लिहिलं होतं, "मामा, प्रॉपिलीन ऑक्साईड ना? याला अणू कोणी दिला असेल, क्लोरीनने की पेरॉक्साईडने?"

मी फोटो मोठा करून पाहिला. टँकरवर मालाचं नाव होतं, नंबर होता, बंबवाल्यांसाठी फोन नंबर होता. तिन्ही वाटांनी आलेला रेणू एकच असतो, आणि मागे काय राहिलं ते फलकावर लिहीत नाहीत. तिला तसं कळवलं, आणि टँकरपासून जरा लांब उभी राहा असंही.